लिंबाची फोड

श्रावणाची झड लागून बाजारात कोवळी कणसे दिसू लागली, की आमच्या इंदुरातल्या मराठी घरांत किसणी फडताळातून खाली उतरते. पुण्यामुंबईकडचे पाहुणे या दिवसांत आले म्हणजे त्यांना पदार्थाचे नाव सांगताना आमची थोडी पंचाईत होते. 'मक्याचा कीस' म्हटले तर त्यांना चटकन कळते, पण आमच्याच कानांना ते परके वाटते. 'भुट्ट्याचा कीस' म्हटले तर आमचे समाधान होते, पण पाहुण्यांच्या कपाळाला आठी पडते. ती आठी पहिल्या घासाला मोडते, हा आमचा आजवरचा अनुभव आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घरांच्या स्वयंपाकघरात असा एखादा पदार्थ असतोच. तो आपण बरोबर आणलेला नसतो आणि येथल्या लोकांकडून जसाच्या तसा घेतलेलाही नसतो. बडोद्याच्या वाचकांना उंधियूची आठवण होईल, बेळगावच्या वाचकांना आणखी कशाची. होळकरांची राजधानी १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदुरास आली. दरबाराबरोबर आणि दरबारासाठी घाटावरची व कोकणातली घरेही येत राहिली. त्या घरांनी वरणभात, पुरणपोळी, अळूची भाजी सोडली नाही. परंतु माळव्याच्या काळ्या जमिनीतला मका त्यांनी आपल्या पद्धतीने फोडणीस टाकला, त्यावर ओले खोबरे पेरले, आणि आता माळवी माणसाला व मराठी माणसाला तो पदार्थ सारखाच आपला वाटतो. सराफ्यात रात्री दुकाने बंद झाल्यावर फळ्यांपुढे जी खाण्याची पंगत बसते, तीत कीस विकणारा आणि कीस खाणारा यांपैकी कोण कुठला, हे कोणी विचारीत नाही.

आज या पदार्थाविषयी लिहावयाचे ते मात्र कृतीसाठी नव्हे. गेली कित्येक वर्षे एक गोष्ट मनात आहे, आणि ती सांगितल्यावाचून कीस हा विषय आमच्याने पुरा होणार नाही. या सदरात आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणतो, ही जुनी सवय वाचकांना ठाऊक आहे. पण आजच्या हकिगतीतले 'आम्ही' खरोखरीच दोघे आहेत. एक प्रस्तुत लेखक, आणि दुसरी त्याची धाकटी बहीण. लेखकाचे वय तेव्हा अकरा वर्षांचे होते आणि बहिणीचे आठ.

आमचे घर राजवाड्यामागच्या एका गल्लीत, एका जुन्या वाड्यात होते. पुढे दगडी चौक, चौकात नळ, आणि चौकाच्या चारी अंगांना बिऱ्हाडे. आमची आजी वाईची. लग्न होऊन ती इंदुरास आली तेव्हा तेरा वर्षांची होती. वाईस कणीस भाजून खात, फार तर उकडून. त्याचा कीस करतात हे तिला माहीत नव्हते. तो तिने शेजारच्या माळवी बाईंकडून उचलला. त्या बाईंना सारा वाडा 'जीजी' म्हणे. जीजी फोडणीत जिरे घालीत, आजीने मोहरी घातली. जीजी खोबरे घालीत नसत, आजीला खोबऱ्यावाचून चैन पडत नसे. पुढे पुढे जीजी आजीकडून खोबरे मागून नेऊ लागल्या आणि आजी मोहरीबरोबर चिमूटभर जिरेही टाकू लागली. दोघींची भाषा शेवटपर्यंत निरनिराळी राहिली, पण कीस हळूहळू एकाच चवीचा झाला.

आजीचा एक दंडक होता. कीस करायचा तर कणीस त्याच दिवशी शेतातून आलेले हवे. दाण्याला नख लावले की दूध बाहेर आले पाहिजे. दूध येत नसेल तर ते कणीस भाजायला, आणि फारच निबर असेल तर म्हशीला. किसताना हात हलका ठेवायचा, दांडा किसला जाता कामा नये, आणि परातीत सांडलेले दूध पुसून न टाकता किसातच निपटून घ्यायचे. मग शेगडीवर कल्हईचे पातेले, त्यात तूप, मोहरी, जिरे, हिंग, बारीक चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि किसलेले आले. त्यावर कीस. यापुढचे काम खरे. कीस बुडाला लागण्याची वाटच पाहत असतो. कच्चा वास जाऊन खमंग वास सुटेपर्यंत तो मंद आचेवर परतत राहावे लागते, मग किसाच्या निम्मे दूध, मीठ, किंचित साखर, आणि पुन्हा परतणे. सारे मिळून पाऊण तास तरी उलथणे हातचे सुटत नसे. आम्हां मुलांना आळीपाळीने परतायला बसविण्यात येई. शेवटी कोथिंबीर, ओले खोबरे आणि लिंबू.

लिंबाच्या बाबतीत घरात दोन पक्ष होते. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, लिंबाला हात लावीत नसत. काका मात्र लिंबाची अख्खी फोड पिळल्याशिवाय पहिला घास घेत नसत. म्हणून आजी लिंबू किसात कधीच पिळीत नसे. फोड ताटात वेगळी वाढी.

काकांची नोकरी सरकारी. मध्यभारत राज्य होते तोवर त्यांना इंदूर सोडावे लागले नाही, कारण त्या राज्याची हिवाळ्यातली राजधानी ग्वाल्हेर असली, तरी उन्हाळ्यातली इंदूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी झाली, आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या असंख्य मराठी कारकुनांनी ट्रंका बांधल्या. आज भोपाळ म्हणजे चार तासांचा रस्ता. पण आजीच्या दृष्टीने काका परमुलखात गेले होते. तिचा एक मुलगा घरात होता आणि एक घराबाहेर, ही गोष्ट तिच्या आयुष्यात प्रथमच घडत होती.

पुढल्या वर्षी, म्हणजे १९५७ साली, काका गणपतीसाठी घरी आले. काकू बाळंतपणासाठी माहेरी देवासला होत्या. पहिले सात-आठ दिवस आनंदात गेले. मग एका संध्याकाळी माजघरात दोघा भावांची बोलणी सुरू झाली. आम्ही ओटीवर होतो. सगळेच कळले असे नाही, पण मोठे झाल्यावर जे जुळवता आले ते असे. काकांना भोपाळास बिऱ्हाड मांडायचे होते. आजोबांनी ठेवलेल्या पैशांतला काही भाग त्यांना हवा होता, आणि आजीने थंडीचे चार महिने आपल्याकडे येऊन राहावे अशी त्यांची इच्छा होती. अण्णा म्हणाले, "घर सोडून गेलास तू. वाटा कसला मागतोस?"

काका म्हणाले, "दादा, मी घर सोडलं नाही. सरकारनं राजधानी हलवली."

"मग सरकारकडे माग."

यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग काकांचा आवाज आला, "आई, तूही गप्पच बसणार का?"

आजी गप्पच बसली. तिने तसे का केले, याचा विचार आम्ही पुढे पुष्कळ केला. राहायचे थोरल्याच्या घरात, आणि बाजू घ्यायची धाकट्याची, हे त्या काळच्या विधवा बाईला सोपे नव्हते. पण काकांनी त्या गप्प बसण्याचा एकच अर्थ घेतला.

दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. काका सकाळीच ट्रंक घेऊन निघाले. चारच्या मोटारीने भोपाळला जाणार होते, तोवर एका स्नेह्यांकडे थांबणार होते. जेवून जा म्हणून आजीने सांगितले, पण ते थांबले नाहीत. आजीला नमस्कार केला, अण्णांकडे पाहिले नाही, आणि गेले.

आजी थोडा वेळ चौकात उभी राहिली. मग तिने आम्हांला हाक मारली, पदराच्या गाठीतले पैसे सोडले आणि म्हणाली, "जा, बारा कणसं घेऊन या. कोवळी बघून आणा. नख लावून बघा." त्या वर्षी एप्रिलपासून नवे पैसे सुरू झाले होते आणि आजीचा त्या नाण्यांवर विश्वास नव्हता. तिने आम्हांला जुने आणेच दिले होते, हेही लक्षात आहे.

त्या दिवशी तिने कीस स्वतःच किसला आणि स्वतःच परतला. आम्ही उलथणे मागितले तर दिले नाही. खोबरे नेहमीपेक्षा पुष्कळ घातले. दोन ताळी पितळेच्या डब्यात खालच्या पुडात कीस भरला, वरच्या पुडात चार पोळ्या आणि लिंबाची एक मोठी फोड ठेवली. डबा फडक्यात बांधून आमच्या हातात दिला.

"मोटारस्टँडवर जा. काकाला द्या. म्हणावं, आईनं दिलाय. डबा तिथंच रिकामा करून घ्या म्हणजे त्याला ओझं नको. आणि काय म्हणाला ते मला सांगा."

आम्ही निघालो तेव्हा अडीच वाजले असतील. त्या दिवशी रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड-गिरण्यांच्या झांक्या निघत. त्या पाहण्यासाठी खेड्यापाड्यांतून माणसे सकाळपासूनच येऊन बसत. घरगुती गणपती वाजतगाजत विसर्जनाला चालले होते. आम्ही गर्दीतून वाट काढीत कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत आलो. तेथे नदीकाठी होळकरांच्या छत्र्या आहेत, कृष्णाबाईंची, दुसऱ्या तुकोजीरावांची आणि शिवाजीरावांची. छत्र्यांच्या पायऱ्यांवर सावली होती. धाकटी म्हणाली, पाय दुखतात. आम्ही बसलो.

डबा गरम होता. फडक्यातून वास येत होता. घरातल्या गडबडीत आम्ही सकाळपासून धड जेवलो नव्हतो, हे खरे. पण आज ते कारण म्हणून पुढे करावेसे वाटत नाही. एकच घास खाऊ, असे आमच्यापैकी कोण म्हणाले, याविषयी भावाबहिणीत अद्याप एकमत नाही. एक घास खाल्ला. मग खड्डा पडलेला दिसू नये म्हणून बोटाने वरचा भाग सारखा केला. सारखे करताना बोटाला लागले ते चाटले. पुन्हा सारखे केले. असे करता करता डबा अर्ध्यावर आला, तेव्हा अर्धा डबा नेणे पुरा डबा न नेण्यापेक्षा लाजिरवाणे वाटू लागले. मग उरलेलाही संपला. पोळ्याही संपल्या. लिंबाची फोड तेवढी राहिली. आम्हां दोघांनाही आंबट चालत नसे.

रिकामा डबा फडक्यात बांधून आम्ही मोटारस्टँडवर गेलो. का गेलो, हे सांगता येत नाही. जाऊन आलो असे खोटे बोलावे लागू नये, एवढाच हेतू असावा. मोटार उभी होती. काका खिडकीपाशी बसले होते. आम्ही एका चहाच्या टपरीआड उभे राहिलो. काका रस्त्याकडे पाहत होते, आणि तो रस्ता आमच्या घराकडून येणारा होता. मधूनच मनगटावरचे घड्याळ पाहत, पुन्हा रस्त्याकडे पाहत. ड्रायव्हरने भोंगा वाजविला, तरी त्यांनी मान वळविली नाही. मोटार सुटली आणि देवासच्या वाटेला लागली.

घरी आलो तेव्हा आजी उंबऱ्यातच होती.

"भेटला?"

"हो."

"खाल्लं?"

"हो. तिथंच खाल्लं."

"काय म्हणाला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि म्हणालो, "फार छान झालाय म्हणाले."

आजीने डबा उघडला. वरच्या पुडात लिंबाची फोड तशीच होती. ती तिने हातात घेतली आणि विचारले, "लिंबू नाही पिळलं त्यानं?"

"मोटार सुटत होती. घाईत होते."

आजी काही बोलली नाही. ती फोड तिने फेकली नाही. रात्री आमच्या वरणात पिळली.

दिवाळीत आजीने काकांना पत्र लिहवून घेतले. तिला पोथी वाचता येत असे, पण लिहिता येत नसे. घरातली पत्रे अण्णा लिहीत. हे पत्र मात्र तिने अण्णा बाहेर गेलेले पाहून आमच्याकडून लिहवून घेतले. कार्डावर मजकूर थोडाच होता. प्रकृती बरी आहे, काकूंची तब्येत कळवावी, बाळाला तीट लावीत जावी. शेवटी ती म्हणाली, "आणि लिही, अनंताच्या दिवशी कीस पाठवला होता, तो पोचला ना, ते कळव."

आम्ही ते वाक्य लिहिले नाही. लेखणी कार्डावर फिरविली, पण शाईत बुडविली नव्हती. आजीने कार्ड हातात घेतले, उजेडाकडे धरले, आणि परत दिले. तिला छापील अक्षर वाचता येई. आमचे गिचमिड अक्षर तिला कितपत लागले, हे आम्हांला ठाऊक नाही.

काकांचे उत्तर आले. त्यात प्रकृती होती, मुलगा झाल्याची बातमी होती, आणि किसाविषयी अर्थातच काही नव्हते. आजीने ते पत्र दोनदा वाचून घेतले आणि देवाच्या फडताळात ठेवले.

त्यानंतर चार वर्षे काका इंदुरास आले नाहीत. पुढे लग्नकार्याच्या निमित्ताने येत, पण रात्र काढीत नसत. दोघा भावांत आवश्यक तेवढे बोलणे होई. आजी भोपाळास एकदाही गेली नाही. दर भाद्रपदात कीस होई, आणि पहिली वाटी भरताना ती म्हणे, "त्या वर्षी तुम्ही डबा नेलात ते बरं झालं. नाहीतर पोरगं उपाशी गेलं असतं." तिच्या या वाक्यात काही मनोमन होते की नव्हते, ते आम्हांला कधी कळले नाही. आम्ही खाली मान घालून खात असू. १९६८ साली ती गेली. काका आले, क्रियाकर्म झाले, वाटण्या झाल्या. पैसे भावाभावांत विनातक्रार वाटले गेले. ज्या रकमेवरून ते सारे घडले होते, ती तोवर अगदी किरकोळ झाली होती.

१९७९ च्या पावसाळ्यात कचेरीच्या कामानिमित्त आम्हांला आठ दिवस भोपाळास राहावे लागले. उतरलो अर्थातच काकांकडे. तात्या टोपे नगरातले सरकारी क्वार्टर, पुढे तुळस, मागे पेरू. काका निवृत्तीला आले होते. तिसऱ्या दिवशी काकूंनी हौसेने कीस केला. पाने मांडली. आम्हांला वाढला, मुलांना वाढला, आणि काकांच्या पानात काकूंनी भाकरी व भाजी वाढली.

आम्ही विचारले, "काका, कीस?"

काका म्हणाले, "मला चालत नाही."

आम्ही म्हणालो, "पण तुम्हांला तर फार आवडायचा."

यावर काकूच म्हणाल्या, "पूर्वी आवडायचा म्हणे. माझ्या हातचा तर त्यांनी कधी खाल्लाच नाही. सत्तावन्न सालापासून सोडलाय. का ते विचारू नका, ते सांगत नाहीत."

हातातला घास आम्हांला गिळवेना. बावीस वर्षांत सांगण्याजोगे प्रसंग पुष्कळ आले होते, आणि प्रत्येक वेळी आता सांगून काय उपयोग, अशी समजूत करून घेतली होती. त्या दिवशी ती समजूत पुरली नाही. जेवण झाल्यावर काका व्हरांड्यात सुपारी कातरीत बसले होते. तेथे जाऊन आम्ही सगळे सांगितले. छत्र्यांच्या पायऱ्या, टपरी, खिडकी, आजीला सांगितलेले खोटे, न लिहिलेले वाक्य, सगळे.

काकांचा अडकित्ता थांबला. ते रागावतील अशी आमची अपेक्षा होती. खरे सांगायचे तर रागावावे अशी इच्छाही होती. पण बराच वेळ ते समोरच्या पावसाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तिनं पाठवला होता."

"हो."

"मला वाटलं होतं, निदान डबा पाठवील. चार वाजेपर्यंत वाटत होतं."

आम्ही काय बोलणार? थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "कसा झाला होता रे?"

या प्रश्नाला तयार नव्हतो. आम्ही म्हणालो, "चांगला झाला होता. खोबरं पुष्कळ होतं. बुडाला जरासुद्धा लागला नव्हता. तिनं कोणाला परतू दिला नाही."

"आणि लिंबू?"

"वेगळं ठेवलं होतं. आम्ही खाल्लं नाही. तसंच परत नेलं. आजीला सांगितलं, तुम्ही घाईत होता."

काका हसले. म्हणाले, "मग तिला कळलं असणार. मी लिंबाशिवाय कीस खाल्ला, असं तू सांगितलंस आणि आईनं ऐकून घेतलं? तिला त्याच दिवशी कळलं असणार."

हे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते. बावीस वर्षे आम्ही समजत होतो की आपण आजीला फसविले. तिला कळले होते असे धरले, तर मग ते दिवाळीतले वाक्य तिने आमच्याकडूनच का लिहवून घेतले? दरवर्षी पहिली वाटी भरताना ती तेच का म्हणत होती? आम्हांला सांगण्याची संधी ती देत होती की काय? आणि कळले नव्हते असे धरले, तर ते अधिकच वाईट. मुलाने आपला डबा खाल्ला, छान झालाय म्हणाला, आणि तरीही तो घरी येत नाही, असे समजून तिने अकरा वर्षे काढली. तिकडे मुलगा समजत होता की आईने डबासुद्धा पाठविला नाही. आपण हात पुढे केला, आता त्याने करावा, असे तिला वाटले असेल. आधी तिने हात पुढे करायला हवा होता, असे त्यांना वाटत होते. दोघांच्याही मध्ये आम्ही दोघे पायऱ्यांवर बसून जेवत होतो.

यांतले खरे कोणते, हे आता सांगणारे कोणी नाही. काकांनी स्वतःपुरता निर्णय केला होता. तिला कळले होते, आणि मुलांना मार बसू नये म्हणून ती बोलली नाही, असेच ते शेवटपर्यंत म्हणत. त्या मानण्यात त्यांना बरे वाटत असावे. आम्ही कधी वाद घातला नाही.

रात्री काकूंनी उरलेला कीस गरम केला. काकांनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, "लिंबू आहे का घरात?" त्यांनी फोड पिळली, एक घास खाल्ला, आणि काकूंना म्हणाले, "खोबरं कमी आहे." बावीस वर्षांनी हे ऐकून काकूंनी डोळ्यांना पदर लावला, आणि मग त्याच पदराने हात पुसून नारळ फोडायला उठल्या.

पुढल्या वर्षापासून काका भाद्रपदात इंदुरास येऊ लागले. अण्णा आणि ते माजघरात शेजारी बसून कीस खात. एक लिंबावाचून आणि एक लिंबासह. जुन्या गोष्टी दोघांपैकी कोणी काढल्या नाहीत. १९९१ साली काका गेले आणि दोन वर्षांनी अण्णा. वाडाही आता राहिला नाही. त्या जागी दुकाने आहेत. धाकटी नागपुरास असते. दर अनंत चतुर्दशीला तिचा फोन येतो, आणि एक घास खाऊ असे प्रथम कोण म्हणाले, यावरून आमचे भांडण होते. दोघेही सत्तरी ओलांडून गेलो, पण निकाल लागलेला नाही.

आमच्या घरी अजून कीस होतो. गॅसवर होतो, न चिकटणाऱ्या कढईत होतो, त्यामुळे परतण्याचे काम निम्म्याने कमी झाले आहे. नातवंडांना तो गोड मक्याचा आवडतो. आम्हांला त्यात चव वाटत नाही, पण ती गोष्ट वेगळी. लिंबू मात्र आमच्या घरात किसात पिळीत नाहीत. फोड वेगळी ठेवतात. सुनेने एकदा कारण विचारले, तेव्हा 'काहींना आवडते, काहींना नाही' एवढेच आम्ही सांगितले होते. हा लेख वाचून तिला आता पुरते कारण कळेल.

वाचकांपैकी कोणाच्या हाती लहानपणी कोणी असा डबा, चिठ्ठी किंवा निरोप दिला असेल आणि तो वाटेतच राहिला असेल, तर त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की उशीर झाला म्हणून थांबू नये. आम्ही बावीस वर्षे उशिरा सांगितले. तोवर डबा पाठविणारी गेली होती. तिला सांगावयाचे राहिले ते राहिलेच. पण ज्याच्यासाठी डबा होता तो व्हरांड्यात सुपारी कातरीत बसला होता, आणि कीस कसा झाला होता, हे त्याला ऐकायचे होते.